गणितात दहापैकी तीन: बीएस्सीच्या पहिल्या सत्राचे एक प्रकरण

कोल्हापुरातल्या एका विज्ञान महाविद्यालयात बीएस्सी भाग एकला शिकणारी मुलगी. गाव गगनबावड्याच्या रस्त्याला, शहरापासून साधारण ३५ किलोमीटर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी विज्ञानला ७१ टक्के. विषय गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. सप्टेंबरअखेर अंतर्गत चाचणीचे गुण लागले तेव्हा तिला दहापैकी रसायनात ६, भौतिकात ५ आणि गणितात ३ मिळाले होते. बारावीला याच गणितात शंभरपैकी ७८ होते.

घरी निष्कर्ष निघाला की शहरात जाऊन लक्ष उडालं. मुलीचं म्हणणं वेगळं होतं: "तासाला सगळं समजत होतं." तिचं लक्ष उडालेलं नव्हतं, आणि तासाला समजत होतं हेही खरंच होतं. अडचण नेमकी त्या वाक्यातच होती. शाळेत आणि बारावीच्या क्लासमध्ये तासाला समजलं की काम बरंचसं झालेलं असतं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिथे काम सुरू होतं.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. गावाकडून रोज ये-जा करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ही एक विद्यार्थिनी उभी केली आहे. गुण आणि तासांचे आकडे या प्रकरणापुरते आहेत. श्रेयांकांचा हिशोब मात्र सगळीकडे लागू होतो.

वेळापत्रकात न दिसणारे सोळा तास

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. प्रवेश घेताना पालक विषयांची नावं बघतात. श्रेयांक म्हणजे क्रेडिट काय असतं, हे फारसं कोणी विचारत नाही. ते आधी समजून घ्यायला हवं, कारण सत्राचा सगळा हिशोब त्यावर चालतो.

लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे प्रयोगशाळेतले ३० तास. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे एकूण ३० तासांचं शिक्षण धरलेलं आहे. याचा अर्थ, लेखी विषयात वर्गातल्या प्रत्येक तासामागे वर्गाबाहेरचा एक तास अभ्यासक्रमात आधीच धरला आहे. तो वेळापत्रकावर छापलेला नसतो, त्याची हजेरी कोणी घेत नाही, पण पेपर तो झाला आहे असं समजून काढला जातो.

या मुलीच्या पहिल्या सत्रात २२ श्रेयांक होते. तीन मुख्य विषय, प्रत्येकी २ लेखी आणि २ प्रात्यक्षिक, असे १२. उरलेले १० खुला वैकल्पिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान परंपरा यांत वाटलेले. लेखीचे एकूण १६ श्रेयांक धरले तर १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला १६ तास वर्गात. प्रात्यक्षिकाचे ६, म्हणजे आठवड्याला १२ तास प्रयोगशाळेत. हे झाले २८ तास, आणि तिला तेवढेच माहीत होते. वर्गाबाहेरचे १६ तास धरले की आठवडा ४४ तासांचा होतो.

आता त्यात प्रवास. एसटीने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आठवड्यातून सहा दिवस: १५ तास. पहाटे सहाला घर सोडायचं, आठचा पहिला तास गाठायचा, काही दिवशी साडेबारा ते साडेचार प्रात्यक्षिक, मग घरी पोचायला सहा-साडेसहा. घरी गेल्यावर स्वयंपाकाला हातभार, जेवण, आणि मग वही उघडली की डोळे मिटायला लागलेले. तिच्याकडून वर्गाबाहेरचा अभ्यास आठवड्याला तीन-चार तास होत होता, आणि त्यातला बराचसा जर्नल म्हणजे प्रयोगवही सुबक लिहिण्यात जात होता.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कॉलेजातला 'तास' घड्याळाच्या तासापेक्षा लहान असतो, बऱ्याच ठिकाणी ४८ किंवा ५० मिनिटांचा. त्यामुळे २ श्रेयांकांच्या गणिताचे ३० तास भरायला ४८ मिनिटांचे ३७ ते ३८ तास घ्यावे लागतात. हजेरीचं गणित करताना हा आकडा लागतो, तो पुढे येईलच.

वहीत काय होतं

तिची गणिताची वही बघण्यासारखी होती. ६२ पानं, अक्षर सुंदर, शीर्षकांखाली लाल रेघ. फळ्यावरचा एकही शब्द सुटलेला नव्हता. त्या वहीत दोन गोष्टी मात्र नव्हत्या. सरांनी किंवा मॅडमनी तोंडाने जे सांगितलं ते नव्हतं, आणि तिचा स्वतःचा एकही प्रश्न नव्हता.

विद्यापीठाच्या तासाला फळ्यावर सांगाडा येतो आणि मांस बोलण्यात असतं. "इथे डेल्टा आधी निवडायचा नाही, एप्सिलॉन दिल्यावर निवडायचा" हे वाक्य मॅडमनी दोनदा म्हटलं असेल, फळ्यावर एकदाही लिहिलं नाही. (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालणारी तफावत, डेल्टा म्हणजे ती सांभाळण्यासाठी क्ष ला घालून दिलेलं अंतर.) चाचणीतला पाच गुणांचा प्रश्न त्याच वाक्यावर होता.

प्रश्न असा: क्ष हा २ कडे जाताना ३क्ष + १ ची सीमा (लिमिट) ७ आहे, हे एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येवरून सिद्ध करा. तिने क्ष च्या जागी २ ठेवले, ७ आले, खाली दोन रेघा ओढल्या. गुण १. तिच्या मते उत्तर बरोबर होतं, आणि बारावीच्या सवयीने ते बरोबरच होतं, कारण तिथे सीमा काढायला सांगतात. इथे ७ हे उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. विचारलेलं आहे की ७ च का, आणि ते व्याख्येच्या भाषेत पटवून द्या.

अपेक्षित उत्तर चार ओळींचं होतं. कोणताही धन एप्सिलॉन दिला आहे असं समजा. आपल्याला ३क्ष + १ आणि ७ यांच्यातला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी ठेवायचा आहे. तो फरक म्हणजे ३ गुणिले (क्ष वजा २). म्हणून क्ष आणि २ मधलं अंतर एप्सिलॉन भागिले ३ पेक्षा कमी ठेवलं की काम झालं. डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले ३ घ्या. आकडेमोड सातवीच्या पोराला जमेल अशी. अवघड आहे तो क्रम: आधी आव्हान कोण देतं, मग उत्तर कोण देतं. तो क्रम वही वाचून कळत नाही. स्वतः एकदा चुकून, अडकून, पुन्हा लिहिल्यावर कळतो.

बारावी आणि पदवी यांच्यात उडी आहे ती इथे. अभ्यासक्रम किती वाढला हा मुद्दा दुय्यम आहे. विचारण्याची तऱ्हा बदलते: व्याख्या सांगा, प्रमेय सिद्ध करा, अट काढली तर काय बिघडतं त्याचं उदाहरण द्या. शिक्षक दहा उदाहरणं सोडवून दाखवत नाहीत, दोन दाखवतात आणि आठ देतात. ती आठ कोणी तपासत नाही. ती न करणाऱ्याला सहा आठवडे काहीच कळत नाही की आपण मागे पडलो आहोत. आम्हाला या पद्धतीतला सगळ्यात कठीण भाग हाच वाटतो, आणि पहिल्या आठवड्यात तो कोणीतरी मुलांना स्पष्ट सांगायला हवा.

पहिलं युनिट पाण्यात

तिच्या वहीतलं पहिलं युनिट झेरॉक्सवर होतं. पान १ ते ११, मैत्रिणीच्या वहीची प्रत, वहीला चिकटवलेली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तास सुरू झाले आणि अखेरच्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी चढलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापूरकरांना पाठ असतं. गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या मुलांना त्याच्या जोडीला मांडुकली आणि बालिंगा ही नावंही पाठ असतात, कारण तिथे पाणी आलं की एसटी बंद. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर राष्ट्रीय महामार्गही बंद पडला होता. या प्रकरणात रस्ता नऊ दिवस बंद राहिला. कॉलेज त्यातले दोनच दिवस बंद होतं. शहरातल्या मुलांचे तास झाले, त्यात गणिताचे पाच. सीमेची व्याख्या त्या पाचांत होती.

शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा असं तीन जिल्ह्यांचं आहे आणि विद्यापीठाचा पेपर सगळीकडे एकच असतो. कोणाच्या रस्त्यावर पाणी होतं याने प्रश्नपत्रिका बदलत नाही. एका युनिटला साधारण सात-आठ तास ठरलेले असतात, त्यामुळे शिक्षकांनाही ते पुन्हा शिकवायला जागा नसते.

झेरॉक्स काढली म्हणजे बुडालेला तास भरला, ही समजूत जवळजवळ प्रत्येकाची असते. तो असा भरतो: ज्या मैत्रिणीची वही घेतली तिच्याकडून त्या तासाचं दहा मिनिटं तोंडी ऐकायचं, काय म्हणाल्या मॅडम, कुठे थांबल्या, कुठे कोणी शंका विचारली. मग संदर्भपुस्तकातला तेवढाच भाग वाचायचा. मग वही स्वतःच्या हाताने लिहायची, आणि अडलेल्या ओळीसमोर समासात प्रश्नचिन्ह टाकायचं. एका तासाला असा दीड तास लागतो. पाच तासांना साडेसात. हे काम पाणी ओसरल्यावर पहिल्या दहा दिवसांत झालं तर होतं, नंतर पुढचं युनिट अंगावर येतं.

पाणी येणार हे दरवर्षी माहीत असतं, म्हणून सोयही जूनमध्येच लावून ठेवावी. जुलै-ऑगस्टचे सहा-सात आठवडे मावशीकडे, आत्याकडे किंवा वसतिगृहात राहता येतं का, हे प्रवेशाच्या वेळीच बघावं. खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावं म्हणून शाहू महाराजांनी ज्या वसतिगृहांना आधार दिला, त्यांतलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं आहे. कोल्हापुरात या कामाची परंपरा सव्वाशे वर्षांची असताना, फक्त चौकशी उशिरा केली म्हणून मुलगी घरी अडकून पडावी याचं वाईट वाटतं.

हजेरीचाही प्रश्न होता. सप्टेंबरअखेर गणिताचे २२ तास झाले होते आणि ती १५ ला हजर होती, म्हणजे ६८ टक्के. अट ७५ टक्क्यांची. सत्रात एकूण ३७ तास धरले तर २८ हवेत. उरलेल्या १५ पैकी १३ ला बसणं भाग होतं, म्हणजे सुट्टीला जागा दोनच तासांची. हा हिशोब सत्राच्या मध्यावर स्वतः करायचा असतो. पुढे डिफॉल्टरची यादी लागते तेव्हा करण्यासारखं फार उरत नाही. पुराच्या नऊ दिवसांसाठी तिने वर्गात मॅडमना तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं यादी करताना कोणाच्याही लक्षात राहत नाही. साधा अर्ज हवा: तारखा, कारण, गाव, रस्ता बंद असल्याची बातमी किंवा सूचना जोडलेली, विभागप्रमुखांच्या नावे, आणि आपल्या प्रतीवर पोच. अर्जाने हजेरी आपोआप लागते असं नाही, पण निर्णय घेणाऱ्याच्या हातात कागद असतो.

'लेट', 'सपोज', 'सच दॅट'

माध्यमाचा प्रश्न मोठा धरला जातो, आणि तो चुकीच्या जागी धरला जातो. या मुलीला 'डेरिव्हेटिव्ह', 'कंटिन्यूअस', 'व्हेक्टर' हे शब्द अडत नव्हते, ते अकरावी-बारावीत घोटून झाले होते. तास तर अर्धा मराठीतच चालत होता. अडत होते ते बारीक शब्द. 'आर्बिट्ररी' म्हणजे तिला वाटलं होतं 'आपल्या मनाने कुठलाही एक घ्या', म्हणून तिने एका उत्तरात एप्सिलॉन बरोबर १ घेऊन सिद्धता संपवली. खरा अर्थ आहे: कोणताही येऊ द्या, निवड आपल्या हातात नाही, तरी विधान टिकलं पाहिजे. 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणजे दोन्ही बाजूंनी सिद्ध करायचं. तिने एकच बाजू केली आणि अर्धे गुण गेले. 'हेन्स' नंतर जे लिहितो ते वरच्या ओळीतून निघालं पाहिजे; 'लेट' नंतर जे लिहितो ते आपण मानलेलं असतं. या दोहोंची अदलाबदल झाली की परीक्षकाला सिद्धताच उलटी दिसते.

असे शब्द चाळीसच्या आसपास आहेत. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर शब्द, त्याचा मराठीत नेमका अर्थ, आणि तो वापरलेली एक ओळ, अशी यादी केली तर महिन्यात भाषेचा अडसर निम्म्याने उतरतो. सिद्धता आधी मराठीत स्वतःशी बोलून घ्यायची, मग इंग्रजीत लिहायची, यातही कमीपणा काही नाही. विचार ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेतच आधी व्हावा.

प्रयोगशाळा: ९.८ चं प्रकरण

रसायनात तिला ६ होते, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पण तिथलं एक जर्नल पुरेसं बोलकं आहे.

प्रयोग नेहमीचा: सोडियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणाची तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या, द्रावणावरून ठरवणे. ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं एकक) द्रावणासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक ०.६३ ग्रॅम अचूक तोलून १०० मिलिलिटर करायचे. आम्लच का तोलायचं, सोडियम हायड्रॉक्साईड तोलून थेट द्रावण का करायचं नाही? कारण ते तोलतानाच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साईड ओढतं, तराजूवरचा आकडा त्याचा स्वतःचा राहत नाही. पिपेटने १० मिलिलिटर आम्ल शंकूच्या चंबूत, फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे दोन थेंब, वरून ब्युरेटने, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीने, सोडियम हायड्रॉक्साईड. फिकट गुलाबी रंग हलवूनही अर्धा मिनिट टिकला की थांबायचं.

तिची तीन वाचनं आली: १०.६, १०.१, १०.४. शेजारच्या टेबलावर ९.८, ९.८, ९.८. तिने तिन्ही खोडली आणि ९.८ लिहिलं. हिशोब सुंदर आला, ०.१०२ नॉर्मल, सही झाली.

चूक कुठे होती? तिने चंबूही आम्लानेच विसळला होता. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायचे त्या द्रावणाने विसळतात, हे बरोबर. चंबू मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. आम्लाने विसळलं की आत चिकटलेलं आम्ल १० मिलिलिटरच्या वर जमा होतं, दरवेळी कमी-जास्त, म्हणून वाचन जास्त येतं आणि तीनदा वेगळं येतं. याच प्रयोगात आणखी दोन चुका हमखास होतात. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निघून गेला तर वाचन वाढतं. वरचं नरसाळं काढायचं राहिलं तर त्यातून थेंब पडत राहतात आणि वाचन घटतं. वाचनं कुठल्या दिशेने चुकली यावरून कारण शोधता येतं, आणि प्रात्यक्षिकाचे तास त्यासाठीच दिलेले आहेत.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "पहिलं वाचन किती आलं होतं, आणि तिन्ही अगदी सारखी कशी आली गं?" तिला उत्तर देता आलं नाही. तिने १०.६, १०.१, १०.४ तशीच ठेवून खाली 'चंबू आम्लाने विसळला गेला असावा' अशी ओळ लिहिली असती आणि चौथ्यांदा करून बघितलं असतं, तर गुण जास्त मिळाले असते. कच्च्या वहीत पेनाने, जागेवरच, जे आलं ते. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वीस जणांच्या बॅचमध्ये शिक्षक प्रत्येकाच्या टेबलापाशी दोन-तीनदाच येऊ शकतात. त्या वेळी विचारायला आपल्याकडे खरा आकडा असावा.

शंका घेऊन जाताना

गणिताच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. अशा शिक्षकांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि त्यांना बऱ्याचदा एका दिवसात दोन महाविद्यालयांत शिकवायचं असतं. तास संपला की त्या निघतात. त्यात विद्यार्थ्यांना टाळण्याचा भाग नसतो, दुसरा तास गाठायचा असतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं: कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे भेटता येईल.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला लिमिट समजलं नाही."

"अगं, पाच तास शिकवलंय. कुठून सांगू?"

तिथेच संपलं. दोन आठवड्यांनी ती वही उघडून गेली: "मॅडम, पान १४, तिसरी ओळ. डेल्टा एप्सिलॉन भागिले तीनच का घेतला? भागिले चार घेतला तर चालेल का?"

"चालेल. का चालेल ते तू सांग."

तिला लगेच सांगता आलं नाही. एसटीत विचार करताना लक्षात आलं की अंतर आणखी लहान घेतलं तर फरक आणखी लहानच होणार. पुढच्या भेटीत मॅडमनी क्ष वर्गाचं उदाहरण दिलं, सीमा ४ ची. तिथे फरक (क्ष वजा २) गुणिले (क्ष अधिक २) होतो आणि दुसरा भाग क्ष बरोबर बदलतो, म्हणून आधी डेल्टा १ पेक्षा मोठा नाही असं ठरवून टाकायचं, मग क्ष अधिक २ हे ५ च्या आत राहतं, आणि डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला लहान. हे समजायला तिला तीन मिनिटं लागली, कारण आधीची ओळ तिची स्वतःची झाली होती.

पान, ओळ आणि आपण काय करून बघितलं, एवढं घेऊन गेलं की तीन मिनिटांची भेट पुरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सहा आठवडे

रात्री घरी अभ्यास होत नाही हे मान्य करून बदल केला. सव्वाअकरा ते साडेबारा हा वेळ रोज रिकामा जात होता, कँटीन आणि कट्टा यांत. पैकी पाच दिवस ती ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसू लागली: सहा तास. तीन दिवस प्रात्यक्षिक लवकर सुटायचं, तेव्हा लगेचची एसटी न पकडता तासाभराने पुढची. आणखी तीन. रविवारी सकाळी घरी चार. बेरीज १३, सोळा नाहीच भरले.

वाचनकक्षात पहिली वीस मिनिटं वही बंद ठेवून त्या दिवशीच्या तासाची व्याख्या आणि एक सिद्धता आठवून कोऱ्या कागदावर लिहायची. मग वही उघडून लाल पेनाने दुरुस्त करायची. उरलेल्या वेळात न सोडवलेली उदाहरणं, एका बैठकीत दोन किंवा तीन. एसटीत गर्दीत उदाहरणं सुटत नाहीत, तिथे शब्दयादी आणि मनातल्या मनात व्याख्या. तासाला उजव्या पानावर फळा आणि डाव्या पानावर बोललेलं, अशी वहीची मांडणी बदलली. अक्षर बिघडलं.

दुसऱ्या आठवड्यात ती हे सोडायच्या बेतात होती. आठवून लिहिताना निम्मं चुकत होतं, आणि नुसतं वाचताना येणारी 'समजलं' ही भावना नाहीशी झाली होती. हा टप्पा प्रत्येकाला येतो आणि इथेच बहुतेक जण पुन्हा वाचण्याकडे वळतात. चौथ्या आठवड्यात चुका कमी झाल्या.

निकाल

गणिताच्या लेखी पेपरात ४० पैकी २१. अंतर्गतचे ३ धरून ५० पैकी २४. भौतिकात २६, रसायनात २९. गणिताची हजेरी ३७ पैकी २८.

भारतीय ज्ञान परंपरेच्या २ श्रेयांकांच्या पेपरात ती नापास झाली. लेखीला ४० पैकी १४, हवे होते १६, आणि दहा गुणांचा प्रकल्प दिलाच नव्हता. सहा आठवड्यांची योजना करताना तीन मुख्य विषयांच्या पलीकडे कोणी बघितलंच नाही. तेरा तासांतला एकही या पेपराला नव्हता. 'तो सोपा आहे, आदल्या रात्री वाचू' असं सगळे म्हणत होते. श्रेयांकाच्या हिशोबात मात्र त्याचे २ गणिताच्या लेखीच्या २ एवढेच आहेत, आणि पदवीला ते भरावेच लागतात.

दुसऱ्या सत्रात तिला या एका पेपरासाठी पुरवणी अर्ज भरायचा आहे. अर्जाची मुदत कॉलेजच्या फलकावर थोडेच दिवस असते, म्हणून निकालाच्या प्रतीसह परीक्षा विभागात आधीच नाव नोंदवून ठेवलं आहे. प्रकल्पाचा विषय तिने गावातल्या जुन्या बंधाऱ्यांचा घेतला आहे, शिक्षकांची मान्यता लेखी घेतली आहे, आणि गुरुवारचा सव्वाअकराचा वेळ त्यासाठी ठेवला आहे.